एनएमआरने रक्तातली साखर मोजली तर ती जास्त अचूक येते का?

एका ताईंनी विचारलं आहे: “आईला बारा वर्षांपासून शुगर आहे. परवा सकाळी साडेसहाला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्याच वेळी मी घरच्या ग्लुकोमीटरवर बघितलं, उपाशीपोटी १६८. संध्याकाळी रिपोर्ट आला, १४४. खरं कुठलं धरायचं? शिवाय आमच्या सोसायटीतल्या शिबिरात ‘मॅग्नेटिक रेझोनन्स’ यंत्राने सुई न टोचता साखर सांगत होते. एमआरआयच्या तत्त्वावर साखर जास्त अचूक कळते का? तसं यंत्र घरी घ्यावं का?”

मी क्लिनिकल बायोकेमिस्ट आहे. पीएचडीची साडेचार वर्षं एनएमआरच्या (एमआरआय ज्या चुंबकीय अनुनादावर, म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्सवर चालतं, त्यावरच चालणारं प्रयोगशाळेतलं यंत्र) चुंबकात सिरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या, नळ्या घालण्या-काढण्यात गेली आणि पुढची अठरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकते.

शिबिरातलं यंत्र आधी निकालात काढू, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. लॅपटॉपला जोडलेली एक डबी, हातात धरायची धातूची दांडी आणि मिनिटभरात चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट, हेच ना? गेल्या वर्षी आमच्याही सोसायटीत आलं होतं. चालवणाऱ्या मुलाने माझं वय, उंची, वजन आणि ‘स्त्री’ एवढं भरून घेतलं. तो चहा घ्यायला वळला तेव्हा मी दांडी ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवली. नॅपकिनची साखर ‘किंचित वाढलेली’ निघाली आणि गर्भाशय उत्तम. चुंबकीय अनुनादाला मुळात चुंबक लागतो, तोही जबरदस्त आणि नमुन्याच्या कानाकोपऱ्यात एकसारखा. त्या डबीत तसं काही मावतच नाही. तेव्हा घेऊ नका, आणि कुणी घेतलं असेल तर त्याच्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नका. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या यांचीही हीच गत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीरच केलं की, अशा एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

आता खरा चुंबकीय अनुनाद. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, एखाद्या इवल्या चुंबकसूचीसारखं वागतं. बाहेरून मोठं चुंबकीय क्षेत्र लावलं की काही प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने राहतात, काही उलट. हा फरक किती, तर एमआरआयच्या नेहमीच्या दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकात, शरीराच्या तापमानाला, दहा लाखांमागे पाचेक प्रोटॉनांचा. बाकीचे एकमेकांना खाऊन टाकतात. या पाचांना रेडिओलहरीने हलवायचं आणि ते जाग्यावर येताना जी कुजबुज करतात ती ऐकायची. तंत्र दुबळं आहे ते इथेच, आणि पुढचं सगळं रडगाणं या पाचांचंच आहे.

पण या कुजबुजीत एक गंमत आहे. प्रोटॉन रेणूत कुठे बसलाय त्यानुसार त्याचा सूर किंचित बदलतो. १९५१मध्ये स्टॅनफर्डला साध्या अल्कोहोलच्या नमुन्यात तीन वेगळे सूर दिसले. ज्या निबंधात ते छापून आले, त्यावरच्या तीन नावांपैकी एक एस. एस. धर्मट्टी यांचं होतं. पुढे त्यांनीच मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं. आज कुलाब्याला मोठ्या चुंबकांची राष्ट्रीय सुविधा आहे ती त्याच परंपरेतली. दुसरी गंमत अशी की, सुराची ताकद प्रोटॉनांच्या संख्येच्या थेट प्रमाणात असते. यंत्राच्या आलेखात प्रत्येक सूर एका शिखरासारखा दिसतो; ग्लुकोजचे दुप्पट रेणू म्हणजे त्या शिखराखालचं क्षेत्रफळ दुप्पट. इथे एन्झाइम लागत नाही, रंग उमटवावा लागत नाही. कागदावर बघितलं तर मोजमापाची यापेक्षा प्रामाणिक पद्धत सापडणं अवघड.

मग अडतं कुठे? पाण्यात.

पाण्यात विरघळलेलं ग्लुकोज दोन रूपांत असतं. साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा. दोघांच्या पहिल्या कार्बनवरचा प्रोटॉन वेगळा ऐकू येतो, अल्फाचा ५.२३ पीपीएमला (पीपीएम म्हणजे आलेखावर सुराची जागा सांगणारं माप) आणि बीटाचा ४.६४ला. पाण्याचा सूर आहे ४.७च्या आसपास. म्हणजे जो बीटा संख्येने जास्त, तो नेमका पाण्याच्या पोटात बसलेला. उरला अल्फा. उपाशीपोटीची साखर ९० असेल तर ती लिटरला ५ मिलिमोल होते (मोल आणि मिलिमोल ही रेणू-अणूंच्या संख्येची मापं), त्यातला अल्फा १.८ मिलिमोल. आणि लिटरभर पाण्यात हायड्रोजनचे अणू ११० मोल. भागाकार करा: ग्लुकोजच्या एका प्रोटॉनमागे पाण्याचे साठ हजार. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभं राहून शेजारच्याच्या मनगटी घड्याळाची टिकटिक मोजायची, असा हा प्रकार.

तेव्हा एनएमआरची अचूकता वाढवणं म्हणजे पहिल्यांदा पाणी गप्प करणं. पाण्याच्या नेमक्या सुरावर बराच वेळ मंद रेडिओलहर सोडत राहिलं की त्याचे प्रोटॉन दमतात आणि बोलेनासे होतात. पण दाबणारा हात रुंद पडला की शेजारचा बीटाही दबतो आणि थोडीफार झळ अल्फालाही लागते. त्यात पाण्याचा सूर तापमानाबरोबर सरकतो, एका अंशाला साधारण ०.०१ पीपीएम. खोलीतला एसी बंद पडला त्या दुपारचे आमचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळेनात, तेव्हा हे कळलं. पुस्तकात तर ते आधीपासून होतंच! त्यानंतर नळी चुंबकात उतरवल्यावर तापमान स्थिर होईपर्यंत घड्याळ लावून थांबायची सवय लागली.

दुसरी गोष्ट मापाच्या दगडाची. शिखराचं क्षेत्रफळ मिळालं, पण ते किती मिलिमोल हे सांगायला शेजारी माहीत असलेल्या प्रमाणाचं काहीतरी लागतं. नवशिके टीएसपी नावाचा पदार्थ टाकतात, कारण त्याचा सूर शून्यावर, सगळ्यांपासून दूर असतो. मीही टाकला. माझ्या साखरा हॉस्पिटलच्या आकड्यांपेक्षा सातत्याने जास्त येत होत्या आणि मी दोन महिने हॉस्पिटलच्या लॅबला नावं ठेवत हिंडले. चूक माझी होती. सिरममधलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन हा टीएसपी धरून ठेवतं. धरलेल्याचा सूर पसरट होऊन विरतो, त्याचं शिखर बुटकं दिसतं आणि त्याच्या तुलनेत साखर फुगते. दगडच झिजलेला असला तर तराजूचा काय दोष? मग त्याच नळीत वेगळ्या बारीक काचेच्या नळीत बंद केलेलं प्रमाणद्रावण ठेवायला लागले. ते अल्ब्युमिनच्या हाती लागत नाही. काही जण फॉर्मेट वापरतात, तेही चालतं.

तिसरी गोष्ट धीर धरण्याची. एकदा ऐकून भागत नाही, म्हणून तेच ते पुन्हा ऐकून बेरीज करतात. गोंगाट मात्र वर्गमुळाने कमी होतो. दुप्पट स्पष्ट हवं तर चौपट वेळा ऐकायचं, तिप्पट हवं तर नऊपट. शिवाय दोन ऐकण्यांमध्ये प्रोटॉन पूर्ण जाग्यावर यावे लागतात. घाई केली तर जे हळू सावरतात ते कमी मोजले जातात, आणि मापाच्या दगडाचे प्रोटॉन बहुधा त्यांतलेच असतात. दहा सेकंदांच्या अंतराने ६४ वेळा ऐकलं की जवळपास अकरा मिनिटं गेली. २५६ वेळा म्हणजे पाऊण तास. एका रुग्णाच्या एका साखरेला!

हे सगळं नीट जमवलं तर एनएमआर दोन-तीन टक्क्यांत येतो. आता हॉस्पिटलच्या लॅबमधलं, हेक्सोकायनेज या एन्झाइमने साखर मोजणारं यंत्र घ्या. तेही एक-दोन टक्क्यांतच असतं, तासाला शेकडो नमुने काढतं, आणि त्याला द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवलेला, कोटींच्या किमतीचा चुंबक लागत नाही. त्यामुळे ‘एनएमआरने जास्त अचूक कळतं का’ याचं सरळ उत्तर: चांगल्या लॅबच्या तुलनेत, नाही. घरच्या मीटरच्या तुलनेत, हो. पण घरच्या मीटरकडून कुणी तेवढी अपेक्षाही केलेली नाही. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१९७, २०१३ची आवृत्ती, एवढंच म्हणतं की, साखर १००च्या वर असेल तेव्हा शंभरातले ९५ आकडे १५ टक्क्यांच्या आत यावेत, आणि १००च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. खरी साखर १२६, म्हणजे निदानाच्या सीमेवर, असताना मीटरने १०८ दाखवलं काय किंवा १४४ दाखवलं काय, तो परीक्षेत पास. मधुमेहाचं निदान मीटरवर करू नका असं आम्ही का म्हणतो, ते यावरून लक्षात येईल.

एनएमआरचं खरं मोल मला दुसऱ्याच ठिकाणी कळलं, आणि तुमच्या आईंच्या १४४चं कोडं तिथेच सुटतं.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्याच हाताचं रक्त काढून चार साध्या नळ्यांत भरलं. पहिली नळी गोठल्याबरोबर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळं केलं, दुसरी तासाभराने, तिसरी दोन तासांनी, चौथी चार तासांनी. चारही सिरम चुंबकात घातले आणि चार आलेख एकाखाली एक छापले. ५.२३चं जोडशिखर पायरीपायरीने उतरत होतं. आणि दूर उजवीकडे, १.३३ला, दुसरं एक जोडशिखर तेवढ्याच शिस्तीत चढत होतं. ते लॅक्टेटचं. नळीतल्या लाल पेशी जिवंत असतात, त्यांना भूक लागते. ग्लुकोजचा एक रेणू खातात आणि लॅक्टेटचे दोन टाकतात. आईंच्या भाषेत सांगायचं तर दुधाच्या पातेल्यापाशी मांजर ठेवून दूध मोजायला उद्या यायचं. फरक इतकाच की एनएमआरच्या आलेखात मांजराच्या मिशीला लागलेलं दूधही दिसतं. बाकीच्या पद्धती फक्त ‘साखर इतकी’ म्हणतात. इथे ‘आधी जास्त होती, इतकी गेली’ याचा पुरावा त्याच कागदावर असतो.

खोलीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. आता तुमच्या आईंची सकाळ आठवा. साडेसहाला रक्त घेतलं. मुलाच्या यादीत अजून चार-पाच घरं असणार. पिशवी लॅबला पोचायला साडेनऊ धरा. नळी साधी असेल, पिवळ्या किंवा लाल टोपीची, तर १६८मधून तीन तासांत पंधरा-वीस टक्के गेले की उरतात १३४ ते १४३. तुमचा रिपोर्ट १४४. मी तुमच्या घरी नव्हते, त्यामुळे असंच झालं हे छातीठोकपणे म्हणत नाही. पण मीटर चुकलं आणि लॅब बरोबर, असं लगेच धरून चालू नका. लॅबच्या यंत्राने त्याच्यासमोर आलेली साखर बहुधा बरोबरच मोजली. आईंच्या अंगात सकाळी तेवढीच होती का, हा प्रश्न वेगळा.

करड्या टोपीच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं, ते पेशींची ही खादाडी थांबवण्यासाठीच. पण त्यालाही वेळ लागतो. खादाडीच्या साखळीतली जी कडी ते तोडतं ती बऱ्याच खालची आहे, म्हणून वरचं ग्लुकोज पहिला तास-दोन तास खपतच राहतं, नंतर स्थिरावतं. सायट्रेट घालून रक्त आम्लधर्मी केलेल्या नळ्या हे काम लगेच करतात, पण त्या आपल्याकडे सरसकट मिळत नाहीत. बर्फात ठेवून अर्ध्या तासात पेशी वेगळ्या करणं हा जुना आणि खात्रीचा उपाय, फक्त घरोघरी फिरणाऱ्या मुलाकडून त्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. साखरेपुरता लॅबला जाऊन हात पुढे करावा हे बरं.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न: एमआरआयसारखं छोटं यंत्र करून त्यात बोट घातलं तर? कल्पना वेडगळ नाही, त्यावर गंभीर माणसं काम करत आहेत. अडचण अशी. अल्फाचा सूर आणि पाण्याचा सूर यांच्यातलं अंतर चुंबकाच्या ताकदीप्रमाणे वाढतं. संशोधनाच्या १४ टेस्लाच्या चुंबकात ते तीनशेहून जास्त हर्ट्झ भरतं, दीड टेस्लात जेमतेम ३४, आणि टेबलावर मावेल अशा अर्ध्या टेस्लाच्या कायमच्या चुंबकात ११. बोटात हाड आहे, चरबी आहे, नाडी उडते आहे. त्यामुळे पाण्याचा सूर स्वतःच तेवढा रुंद पसरतो आणि अल्फा त्यात बुडून जातो. आणि बुडाला नाही तरी आपण मोजलं काय? बोटाचा बहुतेक भाग रक्त नाही. पेशींबाहेरच्या द्रवातली साखर रक्ताच्या मागून काही मिनिटांनी चालते. जेवल्यावर किंवा इन्सुलिन घेतल्यावर हीच काही मिनिटं महत्त्वाची. दंडावर चिकटवायच्या सेन्सरलाही ही अडचण आहेच, पण तो निदान द्रवात बसलेला असतो.

एक चतुर वळसा मात्र मला आवडतो. ग्लुकोजच्या हायड्रॉक्सिल गटांवरचे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांवरचे) प्रोटॉन पाण्याच्या प्रोटॉनांशी सतत जागा बदलत असतात. हायड्रॉक्सिलच्या सुरावर रेडिओलहर सोडून ते दमवले की ते पाण्यात जाऊन मिसळतात आणि पाण्याचा आवाज थोडा खाली येतो. म्हणजे ज्या पाण्याने आपल्याला छळलं त्यालाच साक्षीला उभं करायचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने २०१३मध्ये याच युक्तीने उंदरांच्या गाठींमधली साखर एमआरआयवर दाखवली. पण ते चित्र ‘इथे जास्त, तिथे कमी’ असं सांगतं. आम्लता आणि तापमान बदललं की आकडा हलतो. इन्सुलिनचे युनिट ठरवायला ते कामाचं नाही.

म्हणून चुंबकीय अनुनाद मधुमेहाच्या उपयोगाचा नाही असं मात्र समजू नका. १९९०मध्ये येलच्या संशोधकांनी कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) एनएमआरने जिवंत माणसाच्या पोटरीच्या स्नायूत ग्लुकोजचं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीचं रूप, होताना मोजलं. मधुमेहींमध्ये हा वेग निरोगी माणसांच्या निम्म्याहूनही कमी निघाला. इन्सुलिन असून साखर का उतरत नाही याचा मोठा हिस्सा स्नायूत आहे, हे तेव्हा स्नायूत सुई न खुपसता दिसलं. जेवणानंतर चालायला जा म्हणून आम्ही मागे लागतो ते याच स्नायूंसाठी.

परत आईंकडे. तुमचं मीटर किती चुकतं ते तुम्हीच तपासू शकता. उपाशीपोटी लॅबमध्ये जा, मीटर बरोबर न्या. उपाशीपोटीच, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा खरोखरच जास्त असते आणि तुलना फसते. आईंना साबणाने हात धुऊन कोरडे करायला सांगा. आंब्याच्या दिवसांत तर नक्कीच, कारण सकाळी डब्यासाठी आंबा चिरलेल्या बोटाचा थेंब ३०० दाखवून घरभर घबराट उडवतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो रस जात नाही. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या, बोट पिळू नका. शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांत हे उरका आणि टेक्निशियनला दोन गोष्टी स्वच्छ विचारा: करडी टोपी आहे ना, आणि नळी किती वेळात फिरवणार? वेगवेगळ्या तीन दिवशी असं करा. तिन्ही वेळा फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर ठीक आहे. तिन्ही वेळा एकाच बाजूला जास्त असेल तर स्ट्रिपची डबी बघा. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, झाकण अर्धवट लावून ठेवलेल्या स्ट्रिप दमट हवेत लवकर बिघडतात.

आणखी एक, जे बहुतेक जण विचारात घेत नाहीत. आईंचं हिमोग्लोबिन किती आहे? रक्तात लाल पेशी कमी असतील तर बरीच मीटरं साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि जास्त असतील तर कमी. तुमच्या मीटरच्या स्ट्रिपच्या पत्रकात हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची) मर्यादा बारीक अक्षरात छापलेली असते, ती आईंच्या सीबीसीच्या रिपोर्टशी ताडून बघा. आकडा त्या मर्यादेच्या खाली असेल तर नळीबद्दलचा माझा वरचा अंदाज सोडून द्या आणि आधी ॲनिमियाचं कारण शोधायला डॉक्टरांकडे जा.